राखून ठेवलेला उन्हाळा

"पाणी गार आहे," हे एकच वाक्य वैजयंती बनकरांनी संसारात इतक्या वेळा म्हटलं होतं, की विलासरावांनी शेवटी त्या वाक्याचाच बंदोबस्त करायचं ठरवलं.

निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. साऱ्या महाराष्ट्रात पारा सर्वांत खाली कुठं गेला, अशी बातमी आली की त्यात निफाडचं नाव असायचंच. घडांना थंडी बाधू नये म्हणून पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटायच्या. अशा गावात विलासरावांनी घरामागं, बागेच्या बांधाला लागून, पोहण्याचा तलाव बांधला. निळ्या फरशांचा, उतरायला पायऱ्या आणि धरायला लोखंडी कठडा असलेला. मुलगी मुग्धा तेव्हा लहान होती. गाव हसलं. "बागेला पाणी पुरंना आणि बनकरांच्या दारात समुद्र!"

"समुद्राचंच पाणी पुढं बागेला जातंय," विलासराव म्हणायचे. "तुम्हाला काय खारट लागतंय?"

आणि खरंच तसं होतं. पावसाळ्यात भरलेला तलाव थंडीभर तुडुंब असायचा. उन्हाळ्यात वेलींची छाटणी झाली, की त्याचं पाणी बागेला सुटायचं आणि तळाच्या फरशा उघड्या पडायच्या. म्हणजे पोहायला पाणी असायचं ते थंडीतच.

विलासराव स्वतः विहिरीत पोहायला शिकले होते, पाठीला वाळका भोपळा बांधून. मुग्धाही त्याच भोपळ्यावर शिकली. वैजयंतीबाई तेवढ्या काठावर राहिल्या. गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. वस्तू पाण्यावर का तरंगते हे मुलांना इतकं छान समजावून सांगणारी ही बाई स्वतः मात्र गुडघ्याच्या वर पाणी येऊ देत नसे. त्यांना पाण्याची भीती वाटायची. पण ही भीती त्यांनी कुणाला कधी बोलून दाखवली नाही.

"बाई, उतरा पाण्यात," विलासराव म्हणायचे. सारं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून तेही मुद्दाम बाईच म्हणत.

"पाणी गार आहे."

"मग कोमट झालं तर उतराल?"

"आधी होऊ तर द्या."

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग पाक आला.

या पाकाचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. पण ते द्रव थोडं दाट आणि पिवळसर, चिक्कीच्या पाकासारखं दिसायचं, म्हणून लोकांनी त्याला उन्हाचा पाक म्हटलं आणि तेच नाव टिकलं. तो कसा चालतो, हे बाई वर्गात छत्री घेऊन शिकवत. कळ दाबली की उघडणारी छत्री.

"ही मिटायला जोर लागतो की नाही? मग तो जोर गेला कुठं? छत्रीतच बसला. खटका अडकलाय म्हणून गप्प बसलाय. आता बघा." फट्! पहिल्या बाकावरची पोरं दचकायची. "घातलेला जोर परत मिळाला. आता असं समजा, की पाकाचा एकेक रेणू म्हणजे एकेक छत्री. ऊन पडलं की रेणू वाकतो, छत्रीसारखा मिटतो आणि त्याचा खटका बसतो. पाक हाताला गरम लागत नाही, कारण ऊब अजून ऊब झालेलीच नसते, वाकलेल्या रेणूत दडलेली असते. म्हणून पाक गोधडीत गुंडाळून ठेवावा लागत नाही. महिनोन् महिने तसाच राहतो. हवी तेव्हा एका खास धातूच्या जाळीवरून सोडायचा. जाळी म्हणजे कळ. साऱ्या छत्र्या एका दमात उघडतात, आणि मे महिन्यात पडलेलं ऊन डिसेंबरात तुमच्या अंघोळीच्या पाण्यात उतरतं."

"बाई," मागच्या बाकावरून एकदा प्रश्न आला होता, "कळ न दाबताच उघडली तर?"

"उघडते ना. छत्री जुनी झाली की उघडत नाही का कधी आपोआप? हजारो छत्र्यांतली एखादी रोज उघडतेच. पण हजारोंत एक उघडली तर कळणार कुणाला?"

पाच-सात वर्षांत गच्च्यांवर कुरडया-पापडांच्या शेजारी पाकाच्या काचनळ्या दिसू लागल्या. ऊन साठवणं हेही एक वाळवणच झालं. लेकीच्या बाळंतपणाला डिंकाच्या लाडवांबरोबर माहेरच्या उन्हाचा कॅन जाऊ लागला. बाळाची पहिली अंघोळ माहेरच्या उन्हानं तापलेल्या पाण्यानं झाली, की दोन्हीकडच्या आज्या खूश. भाऊ वेगळे होताना टाक्यांच्या वाटण्या होऊ लागल्या. आणि आपल्या माणसांची जी जुनी खोड, ती इथंही आलीच. चांगल्या कपबशा फळीवर आणि रोजचा चहा कान तुटलेल्या कपात! तसंच पाकाचंही झालं. "असू दे, पाहुणे आले की काढू," म्हणत घरोघरी भरलेल्या टाक्यांशेजारी माणसं कुडकुडू लागली.

विलासरावांना असलं काही मान्य नव्हतं. त्यांनी तलावाजवळ विटांची खोली बांधली, आत मोठी टाकी बसवली, छपरभर काचनळ्या घातल्या. त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ते टाकीचा काटा बघून यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारातून वर्दी द्यायचे.

"बाई, आज चार बोटं वर चढला. तुमचं निमित्त चार बोटं खाली आलं."

पावसाळ्याच्या तोंडावर टाकी काठोकाठ भरली. "दिवाळी होऊ दे, थंडी पडू दे. मग बघतोच कोण म्हणतंय पाणी गार आहे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बागेत औषध फवारणाऱ्या यंत्राला वाट दाखवत असताना विलासराव खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्याला आता पाच हिवाळे झाले होते. बाई निवृत्त झाल्या. बाग कसायला दिली. तलाव पावसात भरायचा, उन्हाळ्यात रिकामा व्हायचा. टाकी मात्र कुणी उघडली नाही, की तिच्यातला पाक पुन्हा छपरावरच्या नळ्यांत चढवला नाही. सकाळी बाई चहाचा कप घेऊन टाकीच्या खोलीला लागून असलेल्या ओट्यावर बसत, भिंतीला पाठ टेकून. विलासरावांचा तांबू बोका शेजारी येऊन भिंतीला चिकटून झोपे. सकाळी बोलायला तोच.

"थंडी आहे रे," बाई म्हणत. तांबू एक डोळा उघडून पुन्हा मिटे.

*

नोव्हेंबरात मुग्धाचा फोन आला. ती कॅनडात असते. पडद्यावर तिच्याआधी आठ वर्षांच्या ओवीचं नाक दिसलं.

"आज्जी! आम्ही येतोय! ख्रिसमसच्या सुट्टीत!"

"अगंबाई! खरंच?"

"आज्जी, मी पोहायला शिकले. तुझ्याकडे पूल आहे ना? पाणी वॉर्म असतं ना?"

"ओवी, सरक जरा," म्हणत मुग्धा पुढं आली. "आई, ती इथं गरम पाण्यात शिकलीय. तुझ्या त्या बर्फात पाऊल नाही घालायची. एक काम कर ना, तलावाला नवं सोलर बसवून घे. ती बाबांची जुनी टाकी काढून टाक. तिचा आता काय उपयोग?"

बाई काही बोलल्या नाहीत. मुग्धाला ते कळलं नाही. इतक्या लांबून गप्प बसणं कळत नाही, पडदा अडकल्यासारखं वाटतं.

"आई? दिसतेय का मी?"

"दिसतेस. बोलावते कुणाला तरी."

*

आला तो शौर्य गायधनी. अंगात सोलर कंपनीचा अंगरखा, हातात नमुन्यांची पिशवी. दारातच वाकून नमस्कार करायला लागला.

"बाई, ओळखलं का?"

"मागचा बाक. वर्गात छत्री उघडली होतीस दोनदा."

"एकदाच, बाई! दुसऱ्यांदा आपोआप उघडली होती."

"हो का? सगळ्यांच्या छत्र्या तुझ्याजवळ आल्यावरच आपोआप उघडायच्या. चहा घे आधी."

चहा झाल्यावर शौर्यनं तलावाला फेरी मारली, छपराकडं बघितलं, सावली कुठून कुठवर येते ते विचारलं. मग ओट्यावर बसून पाठ म्हटल्यासारखं सांगायला लागला.

"तीन प्रकार आहेत, बाई. पहिला सगळ्यांत साधा. छपरावर काळ्या नळ्या अंथरायच्या आणि तलावाचं पाणी पंपानं त्यातून फिरवायचं."

"अंगणात पडलेल्या रबरी नळीतलं पहिलं पाणी हात भाजतं, तसंच ना?"

"तसंच. पण ऊन असेल तरच. ढग आले की गार. आजचं ऊन आज वापरायचं, उद्याला काही उरत नाही. दुसरा प्रकार म्हणजे उष्णतापंप. छपरावर उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्या आणि खाली यंत्र."

"फ्रीज उलटा," बाई म्हणाल्या.

शौर्य हसला. "लोकांना हे समजवायला माझा अर्धा तास जातो."

"तुला समजवायला माझा पूर्ण तास गेला होता. फ्रीज आतली ऊब उपसून पाठीमागं टाकतो, म्हणून त्याची पाठ गरम. हा पंप हवेतली ऊब उपसून पाण्यात टाकणार. हवा गार असली तरी तिच्यात थोडी ऊब असतेच. पुढं?"

"तिसरा म्हणजे नव्या जातीचा पाक. जास्त साठवतो, जास्त टिकतो. पण यंदा नाही जमायचं, तो भरायला एक उन्हाळा जावा लागेल. पाहुणे तर डिसेंबरात येणार. आणि दुसरा असो की तिसरा, यंत्राला ही खोली रिकामी लागेल." तो उठून खोलीत गेला. काट्यावरची धूळ बोटानं पुसली आणि तिथूनच ओरडला, "बाई! पण तुम्हाला काही नवं घ्यायची गरजच नाही! ही टाकी तर काठोकाठ आहे. वापरलीच नाही?"

"ती नाही उघडायची."

"का?"

बाईंनी उत्तर शोधलं. जे सगळी माणसं देतात, तेच त्यांच्या तोंडून निघालं. "पाहुण्यांसाठी ठेवलीय."

"मग पाहुणेच येतायत ना?"

बाई आपल्याच शब्दांत अडकल्या. ओट्यावर तांबू अंग ताणून पुन्हा झोपला. शौर्य खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या पाठीमागं खुंटीला वाळका भोपळा लटकत होता, त्याला अजून जुना दोर होता.

"आप्पांनी भरलेली ना ही?" शौर्यनं हळूच विचारलं. विलासरावांना गावात सगळे आप्पा म्हणत.

"हो."

तो काट्याकडं वळला. पण आता बाईंनाच राहवेना. त्यांच्या डोक्यातली शिक्षिका जागी झाली होती.

"काटा काय दाखवतो रे?"

"भरलीय ते."

"पाक किती उंच आहे ते दाखवतो. त्यात ऊब किती आहे ते नाही दाखवत. मिटलेली छत्री आणि उघडलेली छत्री, वजन तेवढंच. पिशवीत ताज्या पाकाचा नमुना असेल ना तुझ्या? दे इकडं. आणि जाळीचे दोन तुकडे."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी दोन सारखे पेले मांडले, दोन्हींत सारखंच पाणी. एका छोट्या बाटलीत चमचाभर ताजा पाक, दुसरीत तेवढाच टाकीतला. बाटल्या पेल्यांत सोडल्या, जाळ्या आत टाकल्या. कपाटातून शाळेचा काचेचा तापमापक निघाला. शौर्य नकळत हाताची घडी घालून, वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला.

ताज्या पाकाच्या पेल्यात लाल रेषा सरसर चढली, पाणी चहाइतकं गरम झालं. दुसऱ्या पेल्यात रेषा चढली, पण अर्ध्या वाटेवर थांबली. बाईंनी वाट बघितली. पेला हळूच हलवला. पुन्हा वाट बघितली. रेषा हलली नाही.

"अर्धा गेला," शौर्य म्हणाला. "जुन्या जातीचा पाक आहे, बाई. त्याचा खटका ढिलाच असतो. हजारोंतली एखादी छत्री..."

"रोज उघडते," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलंय."

"अजून दोन वर्षं ठेवला, तर एवढा तलाव तापवण्याइतकं काही राहणार नाही. उघडायचा तर या थंडीत. पुढं नुसतं रंगीत पाणी."

तो गेला. जाताना नमुन्यांची पिशवी ठेवून गेला. "विचार करा आणि सांगा," म्हणाला.

*

त्या संध्याकाळी बाई ओट्यावर येऊन बसल्या. मनात राग होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. वर्षानुवर्षं मुलांना सांगितलं, की ऊर्जा नाहीशी होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. मग टाकीतली अर्धी ऊब गेली कुठं? कुणाच्या कामी आली? हात लावला नाही, थेंब सांडला नाही, आणि अर्धा उन्हाळा गेला. विलासरावांनी बोटं मोजून भरलेला.

प्रश्न पडला, की उत्तर शोधल्याशिवाय बाईंना चैन नसे. छत्री आपोआप उघडली तरी जोर बाहेर पडतोच. टाकीत ऊब सुटली, तर ती टाकीतून खोलीत, खोलीतून...

त्या थांबल्या. पाठीमागं हात नेऊन भिंतीला लावला. मग उठून न्हाणीघराच्या भिंतीला लावला. ती गारठणक होती. पुन्हा इकडं येऊन तळवा टेकवला. ही भिंत गरम म्हणावी अशी नव्हती. पण गार नव्हती. जसा कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर बिछाना असतो, तशी.

तांबू तिथंच झोपला होता. इतके हिवाळे तो घरातली गादी सोडून इथं का झोपतो, हे बाईंनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आणि आपणही घरात चुलीजवळ न बसता रोज सकाळी इथंच का येऊन बसतो, हेही नाही. त्यांना वाटायचं, इथून बाग दिसते म्हणून.

त्या भिंतीला टेकून पुन्हा खाली बसल्या. राखून ठेवलेलं राखलं गेलंच नव्हतं. पाच थंड्या ते हळूहळू सुटून त्यांच्या पाठीत उतरत होतं, आणि विज्ञानाच्या बाईंना ते कळलं नव्हतं. बोक्याला मात्र कळलं होतं.

"सांगायचं नाहीस होय रे?" त्यांनी तांबूला विचारलं. 

*

डिसेंबर लागला. बाईंनी ठरवलं, की ओवीसाठी टाकी उघडायची. नात पाण्यात खेळेल, विलासरावांच्या उन्हात. ते त्यांनाही आवडलं असतं. आपण काठावर बसू, पाय सोडून. एवढं ठरल्यावर त्यांना बरं वाटलं. तलाव घासून घेतला. रात्री पाण्यावर पसरायला फुगेवाला प्लॅस्टिकचा पडदा मागवला, कारण तलावाची ऊब जाते ती वरूनच, वाफ होऊन. झाकला की टिकते. ओवीसाठी कुरडया तळायच्या, तेही ठरवून ठेवलं.

मग फोन आला. या वेळी पडद्यावर मुग्धा एकटीच होती, आणि तिचा चेहरा बघूनच बाईंना कळलं.

"आई, नाही जमत गं. माझी रजा रद्द झाली. ओवी कालपासून रडतेय."

"रडू नको म्हणावं."

"आमच्या इथल्या उन्हाळ्यात बघतो. जून-जुलैत."

"बघा."

"तू ते सोलर बसवलंस का? उगाच तुला धावपळ..."

"छे गं. बरं झालं नाही आलात," बाई म्हणाल्या. "पाणी गार आहे."

फोन ठेवल्यावर घर इतकं शांत झालं, की फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. बाईंनी मघाच्या वाक्याकडं वळून बघितलं. किती सहज आलं तोंडात! आता टाकी तशीच राहील, पाहुणे येईपर्यंत. पाहुणे जून-जुलैत येतील, तेव्हा तलाव अजून भरलेलाही नसेल. मग पुढच्या थंडीत. मग नुसतं रंगीत पाणी.

आणि मुळात ही टाकी पाहुण्यांसाठी भरलेली नव्हतीच. ज्या माणसासाठी भरली होती, ते माणूस याच घरात राहत होतं आणि बाकी कुणी यायची वाट बघत होतं.

सूर्य बागेआड उतरत होता. बाई शाल गुंडाळून खोलीत गेल्या. टाकीच्या झडपेचं चाक घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते कुरकुरलं आणि फिरलं. आत कुठंतरी जाळीवरून पाक वाहायला लागल्याचा झुळझुळ आवाज आला. थोड्या वेळानं तलावाकडं जाणारे नळ तापून कटकट वाजायला लागले. जशी थंडीत बोटं मोडावीत.

बाईंनी तलावावर पडदा ओढून घेतला आणि त्या घरात गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्यांनी पडदा गुंडाळला. पाण्यावरून बारीक वाफ उठत होती. हवा गार होती, आणि वाफ बागेच्या दिशेनं हळूहळू सरकत होती.

जुना पंजाबी ड्रेस घालून, खुंटीचा भोपळा काढून बाई काठावर आल्या. दोर पाठीवरून घेऊन पोटाशी दोनदा गाठ मारली. आजूबाजूला कुणी नव्हतं. लांब बागेत फवारणीचं यंत्र आपलंआपण ओळी मोजत चाललं होतं.

पहिली पायरी. पाण्यानं घोट्याला स्पर्श केला आणि बाई थांबल्या. पाणी कोमट होतं. दुपारी बादलीत ठेवलेलं पाणी असतं तसं. आता म्हणायला काही उरलं नव्हतं.

दुसरी पायरी, तिसरी. कठड्याला हात धरून त्या तळावर उभ्या राहिल्या. पाणी छातीपर्यंत आलं तसा श्वास वर चढला. ही भीती त्यांना इतकी वर्षं ठाऊक होती, पण तिच्यासमोर अशी उभी राहायची वेळ कधी आली नव्हती.

काठावरून मुग्धाला शिकवताना विलासराव ओरडायचे ते त्यांना आठवलं. पाण्याशी भांडायचं नाही. कान बुडव. आभाळ बघ. आभाळ बघणारा बुडत नाही.

बाईंनी एक हात कठड्यावर ठेवूनच मान मागं टाकली. भोपळ्यानं पाठीला खालून धक्का दिला, म्हाताऱ्या शहाण्या माणसासारखा. पाय आपोआप वर आले. कान पाण्यात गेले आणि सगळे आवाज बंद झाले. उरला फक्त स्वतःचा श्वास. वर निफाडचं स्वच्छ, निळं, बेफिकीर आभाळ होतं.

त्या तरंगत होत्या. जेवढं पाणी बाजूला सरलं, तेवढ्याच्या वजनाइतका जोर त्यांना वर उचलत होता. हा नियम त्यांनी किती पिढ्यांना घोकायला लावला होता! आज तो पहिल्यांदा पाठीला कळला.

"अहो," त्या म्हणाल्या, "बघा."

कान पाण्यात असल्यामुळं स्वतःचाच आवाज त्यांना आतून, मोठा ऐकू आला. दुसरा कुठला आवाज आला नाही. मान वळवून काठाकडं बघावं असं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही. तिथं कुणी नाही हे माहीत होतं. पाणी मात्र होतं. चारी बाजूंनी, मानेखाली, बोटांमधून, त्या एका उन्हाळ्याचं. तळव्यांना सुरकुत्या पडेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

तीन दिवस पाणी तसं राहिलं. तीनही दिवस बाई उतरल्या. शेवटच्या दिवशी कठड्यावरचा हातही सुटला. चौथ्या दिवशी पाणी पुन्हा निफाडचं झालं.

त्या सकाळी बाई चहा घेऊन ओट्यावर येऊन बसल्या आणि पाठ टेकताच दचकल्या. भिंत गार होती. न्हाणीघराच्या भिंतीइतकीच. तांबू आला, भिंतीला अंग घासून बघितलं, पुन्हा एकदा घासलं आणि मग बाईंकडं रागानं बघून मांडीवर येऊन बसला. चहा निवून गेला तरी बाई उठल्या नाहीत. विलासराव गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. म्हणून असेल कदाचित, पण ते आता गेले असं बाईंना त्या सकाळी वाटलं.

*

"काळ्या नळ्या?" शौर्य फोनवर म्हणाला. "बाई, बाकी दोन सोडून? त्यानं फार तापणार नाही. ढग आले की संपलं. आणि तुमचा पाक वाया जात नाही हो. ऊन लागलं की छत्र्या पुन्हा मिटतात. याच टाकीत या उन्हाळ्यात परत भरू, पुढं अर्धाच टिकला तरी."

"पाक तू शाळेला नेऊन दे, तिथल्या गच्चीवर ऊन खाऊ दे त्याला. पोरं थंडीत गार पाण्यानं हातपाय धुतात. आणि मुलांना सांग, मी येईन एक दिवस छत्री घेऊन."

"मी पण येऊ का वर्गात?"

"ये. पण बसायचं पहिल्या बाकावर."

नळ्या संक्रांतीच्या आधी बसल्या. शौर्यनं पंप चालू करून दाखवला. दुपारपर्यंत पाण्याची धार फक्त कमी गार झाली होती, म्हणजे बोट काढून घ्यावंसं न वाटण्याइतकी. तो ओशाळला. "सांगितलं होतं बाई, आज ऊन कमी आहे."

"आहे तेवढं आहे," बाई म्हणाल्या आणि त्याला तिळगुळाचा डबा देऊन वाटेला लावलं.

तो गेल्यावर त्या भोपळा बांधून तलावाशी आल्या. छपरावरच्या नळ्या काळ्याभोर चमकत होत्या. काठावर तांबू येऊन बसला होता, पाण्यापासून हातभर लांब. बाईंनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि ते लगेच आखडून घेतलं.

"पाणी गार आहे," त्या म्हणाल्या.

सवयीनं त्या थोडा वेळ थांबल्या. कुणी काही म्हटलं नाही. बागेतून वारा आला, पाण्यावर बारीक सुरकुती उठली आणि मिटली.

मग बाईंनी कठडा धरला आणि दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं.